काळोख कुणाच्या नजरेतून पाहायचा

गेल्या वर्षी एका मराठी कादंबरीची पटकथा लिहायचं काम माझ्याकडे आलं. कृष्णाकाठचं गाव, घरातल्या घरात झालेला खून आणि तो ठाऊक असूनही गप्प बसलेली माणसं. चित्रपट अजून व्हायचा आहे, म्हणून कादंबरीचं नाव इथे देत नाही. तो कृष्णधवल करायचा हे दिग्दर्शकाचं आधीपासून पक्कं होतं. मला धास्ती होती ती वेगळीच. या कादंबरीतलं निम्म्याहून जास्त माणसांच्या डोक्यात घडतं. विधवा बाई काय आठवते, तिचा दीर काय लपवतो, घरातल्या लहान पोराला काय कळतं आणि काय कळत नाही. लेखकाला हे सगळं एका वाक्यात सांगता येतं. पडद्यावर मात्र त्याच्यासाठी एखादा चेहरा हवा, एखादी भिंत, एखादा आवाज हवा.

म्हणून या कादंबरीला हात लावण्याआधी एक पुरं झालेलं माध्यमांतर सुटं सुटं करून पाहायचं ठरवलं. मी निवडला ‘द नाइट ऑफ द हंटर’. डेव्हिस ग्रबची कादंबरी 1953ची, चार्ल्स लॉटनने दिग्दर्शित केलेला चित्रपट 1955चा. हाच निवडायला एक व्यवहारी कारण होतं. कादंबरी ते चित्रपट या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक टप्पा शिल्लक राहिलेला आहे. कादंबरी आहे, लॉटनच्या सांगण्यावरून स्वतः ग्रबने काढलेली रेखाचित्रं आहेत, जेम्स एजीची पटकथा आहे आणि चित्रीकरणाचे रशेससुद्धा, म्हणजे संकलनाआधीची कच्ची फिल्म, आहेत. बहुतेक चित्रपटांचं आपल्या हाती येतं ते फक्त शेवटचं रूप. इथे काम चालू असतानाचं सगळं पाहायला मिळतं.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. काळ मंदीचा, जागा वेस्ट व्हर्जिनियातलं ओहायो नदीकाठचं छोटं गाव. बेन हार्पर बँकेवर दरोडा घालतो, त्यात दोन माणसं मरतात. पकडला जाण्याआधी तो दहा हजार डॉलर आपल्या धाकट्या मुलीच्या, पर्लच्या, बाहुलीत दडवतो आणि मुलगा जॉन याच्याकडून वचन घेतो की हे कुणालाही सांगायचं नाही. बेनला फाशी होते. तुरुंगात त्याच्या कोठडीत असलेला हॅरी पॉवेल हा भोंदू धर्मोपदेशक सुटून थेट त्या गावात येतो, बेनच्या विधवेशी, विलाशी, लग्न करतो आणि पैशाचा पत्ता लागेना म्हणून तिचा खून करतो. मुलं होडीतून नदीमार्गे पळतात, तो मागावर निघतो. शेवटी रेचल कूपर नावाची म्हातारी त्यांना आसरा देते.

ग्रबचा जन्म 1919चा, मौंड्सव्हिल गावचा. तिथेच राज्याचा मोठा तुरुंग होता. क्लार्क्सबर्गजवळच्या क्वाएट डेलमध्ये हॅरी पॉवर्स नावाच्या माणसाने एकट्या बायकांना लग्नाच्या जाहिरातींतून जाळ्यात ओढून दोन बायका आणि तीन मुलांचे खून केले होते. 1931 साली ते उघडकीला आले आणि पुढच्या वर्षी मौंड्सव्हिलच्याच तुरुंगात त्याला फाशी झाली. ग्रब तेव्हा शाळकरी वयाचा होता. कादंबरीतलं भय त्याच्या गावच्या हवेतलं होतं, हे कळल्यावर मी ती वेगळ्या लक्षाने वाचायला घेतली.

पहिलं वाचन मी नुसतं वाचनच ठेवलं, पेन हातात न घेता. दुसऱ्या वेळी जाड वही घेतली. डावीकडच्या पानावर डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल ते लिहायचं, उजवीकडच्या पानावर फक्त मनातलं. काही प्रकरणांत डावं पान जवळजवळ कोरं राहिलं. ग्रब एका माणसाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात सहज शिरतो. जॉन, विला, खुद्द पॉवेलसुद्धा. काळातही पुढेमागे होतो. कादंबरी उघडते ती भिंतीवर: लाल विटांवर कुणा पोराने खडूने काढलेला फास आणि त्याला लटकलेला माणूस. गावातली पोरं फाशी गेलेल्या बापावरून गाणं म्हणत त्याच्या मुलांना चिडवतात. बापाचा गुन्हा, त्याची अटक, त्याचं वचन हे सगळं वाचकाला मागाहून कळतं.

मग मी चित्रपट बाजूला ठेवून माझ्यापुरती वन-लाइन लिहिली. प्रत्येक सीन एका ओळीत: कुठे, कोण, काय घडतं. ही यादी झाल्यावरच चित्रपट लावला, थांबवत थांबवत, आणि त्याचीही तशीच यादी केली. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा खरं शिक्षण सुरू झालं.

चित्रपट खडूच्या चित्रापासून सुरू होत नाही. सुरुवातीला ताऱ्यांनी भरलेलं आकाश आहे आणि त्यात रेचल कूपरचा चेहरा. ती मुलांना बायबलमधलं काही सांगते आहे. कादंबरीत ही बाई खूप उशिरा येते. लॉटनने तिला उचलून अगदी दाराशी आणून उभं केलं. त्यानंतर घटना सरळ रांगेत: उपदेशक गाडीतून येतो, बापाची अटक होते, फाशी होते आणि मग ते खडूचं चित्र, ते चिडवणं. म्हणजे कादंबरी ज्या धक्क्याने उघडते तो इथे नंतर येतो, आपण जॉनच्या बाजूला उभे राहिल्यावर. वाचताना आपण ते चित्र रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्याही नजरेने पाहतो. चित्रपटात ते चित्र जॉन पाहतो आणि त्याच्यासोबत आपण.

माझ्या वहीत या जागेखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. काळोख्या कादंबरीचं माध्यमांतर करायला बसल्यावर आपण लगेच काय ठेवायचं, काय गाळायचं याचा हिशेब मांडतो. तो नंतरचा. त्याआधी ठरवावं लागतं की पाहतंय कोण. लॉटन आणि एजीने ते ठरवलं: मुलगा. तेवढं ठरल्यावर पुढच्या शंभर गोष्टी आपोआप जागेवर पडल्या.

एजीच्या पटकथेबद्दल अनेक वर्षं एक दंतकथा चालत होती. त्याने भलंमोठं काहीतरी लिहून आणलं, ते कुचकामी होतं आणि लॉटनने ते फेकून देऊन स्वतः लिहिलं, अशी. 2004च्या सुमारास पहिल्या खर्ड्याची प्रत सापडली. खर्डा 293 पानांचा होता, पण सीनमागून सीन पाहिला तर सांगाडा चित्रपटाचाच होता. पानाला एक मिनिट हा नेहमीचा हिशेब लावला तर जवळपास पाच तास होतात, आणि चित्रपट आहे 93 मिनिटांचा. म्हणजे लॉटनने त्याच इमारतीतून भिंती काढल्या. एजी दारूत बुडालेला होता, हे खरं आहे. मे 1955मध्ये, चित्रपट लागण्याआधीच तो वारला. पण मेलेल्या लेखकाच्या नावावर अपयश टाकणं सोपं असतं, आणि इथे ते इतकी वर्षं चाललं याचा मला मनापासून राग आहे.

छापलेली पटकथा, जी एजीच्या पटकथांच्या संग्रहात आहे, ती मी कादंबरीला लावून वाचली. संवाद मोठ्या प्रमाणात ग्रबचेच आहेत. कापाकापी झाली ती मनातल्या मजकुराची. आणि त्या मजकुराच्या जागी काय आलं हे शोधायला मला एक कॅमेरामन लागला.

माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ छायाचित्रकार आहेत. उमेदीच्या काळात त्यांनी कृष्णधवल फिल्मवर काम केलेलं आहे. मी त्यांना सरच म्हणते. त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन जायचे आणि आम्ही एकेका सीनवर दुपार घालवायचो. आवाज बंद करून पाहायचं, मग फक्त आवाज ऐकायचा, मग दोन्ही.

पहिला सीन त्यांनीच निवडला. विलाच्या खुनाचा.

“भिंती बघ,” सर म्हणाले. “खोलीच्या भिंती अशा असतात?”

नसतात. झोपायची खोली आहे, पण छत दोन्ही बाजूंनी उतरतं आणि मधे टोकाला मिळतं, चर्चच्या गाभाऱ्यासारखं. आजूबाजूला निव्वळ काळं. त्या काळ्यात हा उजळलेला त्रिकोण, त्यात पलंग, पलंगावर छातीवर हात घेऊन पडलेली विला. पॉवेल खिडकीपाशी हात उंचावून उभा, वरून कुणाचा हुकूम ऐकत असल्यासारखा. मग तो चाकू घेऊन वळतो. विला पळत नाही. तिला कळलेलं आहे की पैशासाठीच हा आपल्या घरात आला, आणि तरीही ती प्रार्थना केल्यासारखी पडून राहते.

विलाच्या मनाची ती अवस्था, मार खात खात मार हाच देवाचा प्रसाद मानू लागलेली, उजवीकडच्या पानावर मी ओळींवर ओळी लिहून काढली होती. चित्रपटात त्यातली एकही ओळ कुणी बोलत नाही. ते काम छताच्या आकाराने केलं. छायाचित्रकार स्टॅन्ली कॉर्टेझने सांगून ठेवलंय की या सीनचं लायटिंग करताना त्याच्या डोक्यात सिबेलियसची एक वॉल्ट्झ, ‘वाल्स ट्रिस्त’, घोळत होती. ते कळल्यावर संगीतकार वॉल्टर शूमननेही तिथे वॉल्ट्झच्याच लयीचं संगीत दिलं. खुनाला नाचाची लय. आवाज बंद करून पाहिल्यावर मला ती लय चालण्यातही दिसली.

“हे रंगात कर,” सर म्हणाले. “भिंतीचा रंग ठरवावा लागेल, चादरीचा ठरवावा लागेल, आणि बघणारा तेच बघत बसेल. इथे भिंत आहे की नाही तेच तुला ठरवता येतंय.”

त्या काळात अमेरिकेत रंग आणि रुंद पडदा यांची चढाओढ सुरू झाली होती. तरीही लॉटनने कृष्णधवलच धरलं. ते करण्याआधी त्याने ग्रिफिथचे मूकपट पुन्हा पाहिले आणि ग्रिफिथचीच नायिका लिलियन गिश हिला रेचलच्या भूमिकेसाठी घेतलं. कोडॅकची ट्राय-एक्स ही जास्त वेगवान निगेटिव्ह तेव्हा नुकतीच आली होती. कॉर्टेझने ती वापरली, आणि त्यामुळे काळं खरोखर काळं आणि पांढरं सुरीसारखं आलं. ग्रबबद्दलची एक गोष्ट मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याला चित्रकार व्हायचं होतं. पिट्सबर्गला कार्नेगी इन्स्टिट्यूटमध्ये तो शिकायलाही गेला, पण रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडावी लागली आणि तो लेखनाकडे वळला. लॉटनने त्याच्याकडे चित्रं मागितली तेव्हा त्याने शंभराहून जास्त रेखाटनं पाठवली. त्यातली छापलेली थोडी मी पाहिली. रेघ साधी आहे, पण माणूस कुठे उभा आणि दार कुठे आहे हे चोख आहे. कादंबरीकाराने स्वतःच्या डोक्यातलं दृश्य दिग्दर्शकाच्या हातात ठेवलं, असं किती वेळा घडतं?

आमच्या लेखकांना मी हे सांगितलं. ते चित्र काढत नाहीत, पण त्यांनी वाड्याचा नकाशा काढून पाठवला. कुठली खिडकी कुठल्या बाजूला उघडते, परसातून माजघरातलं काय दिसतं, हे सगळं त्यात होतं. त्या एका कागदाने माझे तीन सीन बदलले.

दुसरा सीन, ज्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, तो रेचलच्या व्हरांड्याचा. रात्र आहे. पॉवेल बाहेर अंगणात एका ओंडक्यावर बसून त्याचं ते नेहमीचं स्तोत्र गातोय. आत जाळी लावलेल्या व्हरांड्यात रेचल खुर्चीत, मांडीवर बंदूक. आपल्याला तिची काळी आकृती दिसते आणि जाळीपलीकडे उजेडात तो. मग रेचलही तेच स्तोत्र गाऊ लागते, त्याच्या सुरात सूर मिळवून. फरक एवढाच की ती त्यात येशूचं नाव घेते, तो घेत नाही. एवढ्यात घरातली मोठी मुलगी रूबी हातात मेणबत्ती घेऊन येते. मेणबत्तीचा उजेड जाळीवर पडतो, जाळी पांढरी होते आणि पलीकडचं दिसायचं बंद होतं. रेचल घाईने ज्योत विझवते. पुन्हा बाहेरचं दिसतं, आणि ओंडका रिकामा आहे.

मी हे तीन-चार वेळा मागे नेऊन पाहिलं. सर उठले, खिडकीची डासांची जाळी ओढून घेतली, खोलीतला दिवा घालवला. बाहेर रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी असलेली स्कूटर अगदी स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च जाळीच्या आतल्या बाजूने धरला. स्कूटर गेली. राहिली फक्त जाळी, तिचा एक एक तार चमकत. टॉर्च बंद, स्कूटर हजर. रोज रात्री प्रत्येकाच्या घरात घडणारी गोष्ट आहे. तिच्यावर एक अख्खा सीन उभा राहू शकतो हे पाहून मी त्या खिडकीशी कितीतरी वेळ उभी होते.

काळोखाचं चित्रण म्हणजे दिवे कमी करणं, हा समज या सीनने माझ्यापुरता तरी मोडीत काढला. इथे उजेडाने घात केला आणि अंधारात नीट दिसत होतं. आणि ते कुणीही बोलून दाखवत नाही.

नदीचा भाग मी कागदावर लिहायला सगळ्यात कठीण धरला होता. कादंबरीत प्रवास लांब आहे: भूक, परक्या माणसांच्या दारावर मागून खाणं, रात्री. काळ कसा दाखवायचा? चित्रपटात होडी वाहते आणि पर्ल एक अंगाईसारखं गाणं म्हणते. कडेला, अगदी कॅमेऱ्याजवळ, कोळिष्टक, बेडूक, कासव, ससे, घुबड. मुलं लांब, लहान. प्राणी मोठे. खऱ्या ओहायो नदीवरची हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्यं दुसऱ्या युनिटची आहेत. मुलांचा प्रवास मात्र बराचसा स्टुडिओत बांधलेला, आकाशसुद्धा. आणि तो प्रसिद्ध शॉट: मुलं गोठ्याच्या माळ्यावर झोपलेली, दूर क्षितिजावर घोड्यावरून जाणारी पॉवेलची काळी आकृती, गाणं गात. स्टुडिओत तेवढं अंतर नव्हतं, म्हणून तट्टावर एका ठेंगण्या माणसाला बसवून ते अंतर निर्माण केलं. हे कळल्यावरही शॉटची जादू कमी होत नाही, उलट मला तो जास्त आवडू लागला. लहान मुलाला राक्षस असाच दिसतो. दूर असला तरी संपूर्ण, आणि झोपतच नाही.

पॉवेलचं काम करणाऱ्या रॉबर्ट मिचमच्या अभिनयातल्या काही गोष्टी त्यामुळेच मला पटल्या. तळघराच्या जिन्यावर तो मुलांच्या मागे हात पुढे करून धावतो, रेचलची गोळी लागते तेव्हा जनावरासारखा कोकलत पळतो. सरांना हे खटकलं. त्यांच्या मते तिथे भय कमी झालं आणि खलनायक विदूषक झाला. माझं म्हणणं असं की मोठ्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर झाला, पण जॉनच्या नजरेने तो बागुलबुवाच आहे, आणि बागुलबुवा भयानकही असतो आणि हास्यास्पदही. या मुद्द्यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही.

माझ्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं पात्र मात्र मला भलतीकडेच सापडलं: बर्डी काका. नदीकाठी राहणारा, दारू पिणारा, जॉनला जीव लावणारा म्हातारा. एके दिवशी होडीत बसून गळ टाकतो, खाली पाहतो आणि त्याला पाण्यात मोटार दिसते. आत विला. केस पाणवनस्पतींबरोबर वाहताहेत. (ती विलाचं काम करणारी शेली विंटर्स नव्हे, तिच्यासारखी बनवलेली मेणाची प्रतिमा टाकीत उतरवून ते चित्रित केलं.) हा शॉट जगभर नावाजला गेला आणि योग्यच. पण मी थांबले ती त्याच्या पुढच्या सीनला. बर्डी कुणालाही सांगत नाही. आपल्यावरच आळ येईल या भीतीने घरी येऊन पितो, मेलेल्या बायकोच्या तसबिरीशी बोलतो. आणि जॉन बहिणीला घेऊन धावत त्याच्याकडे येतो तेव्हा तो शुद्धीत नसतो. जॉनला जगात उरलेला एक आधार होता, तोही सुटला.

मी पटकथा लिहितेय त्या कादंबरीत अख्खं गाव बर्डी आहे. त्या गप्प बसण्याची कारणमीमांसा लेखकाने पानंच्या पानं केली आहे आणि ती उत्कृष्ट आहे. माझ्या पहिल्या वन-लाइनमध्ये ती चावडीवरच्या संवादांत वाटून दिली होती. आता ते संवाद गेले. त्यांच्या जागी एकच माणूस आहे, त्याला ठाऊक आहे, आणि पोरगा त्याच्या दाराशी येतो तेव्हा तो दार उघडू शकत नाही. बाकीच्यांचं गप्प बसणं त्या एकावरून कळेल असा माझा विश्वास आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन गच्च भरलेल्या कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’ची पटकथा काढली, त्यातही मला हेच दिसतं. पत्रकार दिगू टिपणीस पाहतो आहे, म्हणून ती एवढी गर्दी आपल्याला झेपते. तोही चित्रपट कृष्णधवलच.

रशेसबद्दल लिहिलं नाही तर हे कथन अपुरं राहील. लॉटन दोन टेकच्या मधे कॅमेरा बंद करायचा नाही. फिल्म फिरत राहायची आणि तो बाहेरून नटांशी बोलत राहायचा. त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी एल्सा लँचेस्टरने हा साठा अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटकडे दिला. रॉबर्ट गिट यांनी तो जोडून अडीच तासांचा माहितीपट केला, जो 2002 साली दाखवला गेला. त्यात लॉटन एकच ओळ नटाकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतो, कधी स्वतः म्हणून दाखवतो, मुलांनाही स्वतःच सूचना देतो. पटकथा लिहिणाऱ्या माणसाने हे जरूर पाहावं. कागदावरची ओळ माणसाच्या तोंडात बसायला किती वेळ लागतो आणि ती बसली की पहिल्या टेकपेक्षा किती साधी होते, हे तिथे कानांनी ऐकता येतं. मी त्यानंतर माझे सगळे संवाद मोठ्याने वाचले. बरेच कापले.

1955मध्ये हा चित्रपट पडला. लॉटनची पुढची तयारी नॉर्मन मेलरच्या ‘द नेकेड अँड द डेड’ची होती, ती त्याच्या हातून गेली. 1962 साली तो वारला, दिग्दर्शक म्हणून एकच चित्रपट नावावर ठेवून. 1992 साली तोच चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. त्याला दुसरा चित्रपट करता आला नाही याची हळहळ मला आजही वाटते.

तरी सगळंच मला पटलेलं नाही. पॉवेल पकडला गेल्यावरचा भाग घाईचा आहे. पोलीस त्याला जमिनीवर पाडतात, जॉनला बापाची अटक आठवते आणि तो बाहुली त्याच्यावर आपटत ओरडतो, पैसे उधळतात. हा क्षण असामान्य आहे, कादंबरीइतकाच ताकदीचा. तिथून पुढे मात्र कोर्ट, चवताळलेला जमाव आणि नाताळ हे भराभर येतात. कालपर्यंत पॉवेलला डोक्यावर घेणारी स्पून बाई आज त्याच्या रक्ताला चटावलेली. ही गावाची कहाणी आहे आणि तिला जागा हवी होती. रेचलचा शेवटचा दिलासाही मला लवकर आल्यासारखा वाटतो. सर म्हणतात, मुलांच्या नजरेतून गोष्ट सांगितली की मुलांना झोपवूनच संपवावी लागते.

आमच्या पटकथेचा आता तिसरा खर्डा चालू आहे. गोष्ट पोराच्या नजरेतून आहे. विधवेच्या आठवणींचे फ्लॅशबॅक सगळे काढले, त्यातला फक्त एक आवाज ठेवला: जात्याचा. दिराचं मन दाखवायला माजघराची उंची कमी करून सेट बांधायची कल्पना कलादिग्दर्शकांना आवडली आहे. जाळीची युक्ती मी उचललेली नाही, ती त्यांचीच राहू दे. पण लेखकांच्या नकाशात परसाकडच्या खिडकीला जे लाकडी गज आहेत, त्यांच्यावर सर टेस्ट घेणार आहेत, कंदील आत आणि बाहेर ठेवून.

शेवटाचा निकाल अजून लागायचा आहे. दिग्दर्शकाला वाटतं, प्रेक्षकाला घरी जाताना काहीतरी आधार द्यावा. माझं मत असं की कादंबरीने तो दिलेला नाही आणि आपणही देऊ नये. पोरगा शाळेच्या एसटीत बसतो तिथे थांबावं. दोन्ही शेवट लिहून तयार आहेत. पुढच्या बैठकीत दोन्हींचं वाचन आहे, लेखकही येणार आहेत.